ताटातली डाळ आणि शेतातली ओळ

(यवतमाळ जिल्ह्यातील तालुका प्रतिनिधींच्या पेरणीपूर्व बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही. हे ऐकून चार-दोघांचे चेहरे उतरलेले मला इथून दिसताहेत. कापसावर दुपारी बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत, त्यांचं ऐकूनच घरी जा. मला आज जेवणावर बोलायचं आहे. आपण काय खातो, कोण आपल्याला काय खा म्हणून सांगतो, आणि त्या सांगण्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, यावर.

झालं असं. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून तीन तरुण पोरं माझ्या गावी आली होती. शिकलेली, चांगल्या घरची, मनानं सच्ची. मटण-अंडी तर ती खात नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. त्याला ते लोक ‘व्हीगन’ म्हणतात. जे झाडापासून येतं तेवढंच खायचं, जनावरापासून काही घ्यायचं नाही. दोन दिवस राहिली. मायनं ताट वाढलं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. त्यातली मुलगी म्हणाली, “काका, आम्ही लोकांना हेच तर सांगत फिरतो. तुम्ही तर आधीपासूनच असं जेवता!”

माय हसली. मला काही हसू आलं नाही. कारण ती ज्वारी सोलापूरकडची, दुकानातून विकत आणलेली होती. डाळ पाकिटातली होती. अंबाडी शेजाऱ्याच्या धुऱ्यावरची आणि जवस बहिणीनं तिच्या गावाहून पाठवलेलं. माझं साडेचार एकर रान, त्यात कापूस आणि सोयाबीन. कृषी पदवीधर म्हणवणाऱ्या माणसाच्या ताटात त्याच्या स्वतःच्या शेतातली हिरवी मिरची तेवढी होती. ती पोरं ज्या ताटाचं कौतुक करून गेली, ते ताट माझ्या शेतातून वीस वर्षांपूर्वीच उठलं होतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. म्हणून आज तुमच्यासमोर मांडतो.

त्या पोरांचं म्हणणं तीन गोष्टींचं होतं. एक, जीव मारणं आणि राबवणं पाप आहे. दोन, झाडापासूनचं अन्न प्रकृतीला चांगलं. तीन, जनावरं पाळल्यानं पृथ्वीवर भार येतो. तिन्हींत तथ्य आहे. तिन्ही जशीच्या तशी आपल्या धुऱ्यावर आणून ठेवता येत नाहीत, एवढंच.

तिसरी आधी घेतो, कारण ती लवकर आटपते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २०१३ साली हिशेब मांडला, की माणसाच्या उद्योगामुळे हवेत जे तापवणारे वायू जातात त्यातले साडेचौदा टक्के पाळीव जनावरांच्या पोटी आहेत. आकडा मोठा आहे, तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. रवंथ करणारं जनावर मिथेन सोडतं, मग ते अमेरिकेचं असो की आपल्या गोठ्यातलं. पण ज्या देशात जंगल तोडून सोयाबीन पेरतात, ते गाईला, डुकराला चारतात आणि मग त्यांचं मांस खातात, तिथला हिशेब वेगळा. आपला बैल काय खातो? कडबा आणि कुटार. माणसाला जे चावता येत नाही ते खातो, आणि त्याचं शेणखत करून परत देतो. शेळी धुऱ्यावरचा पाला खाते. माणसाच्या तोंडचा घास तिनं घेतला असं होत नाही. पुण्या-नागपूरच्या माणसानं विचार करावा तो पोल्ट्रीचा. त्या कोंबडीचं खाद्य म्हणजे मका आणि आपल्याच सोयाबीनची पेंड. तेल माणसाला, पेंड कोंबडीला आणि आपल्याला हमीभावापेक्षा कमी दाम.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. इथे जरा थांबू या, कारण हे मायबहिणींच्या जिवाशी निगडित आहे.

२०१९ ते २१ या काळात देशभर आरोग्याची मोठी पाहणी झाली. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाच वर्षांच्या आतल्या शंभर पोरांत ३५ पोरं वयाच्या मानानं खुजी. हे आकडे मटण न खाल्ल्यामुळे आले का? महाराष्ट्रात साठेक टक्के लोक मांसाहार करतात. पण करतात म्हणजे किती? महिन्यातून एकदा-दोनदा, तेही घरात पाव-अर्धा किलो, आणि त्यातले तुकडे कोणाच्या ताटात जातात ते मायबहिणींनी सांगावं. बहुतेक शेतकऱ्याचं आणि मजुराचं घर रोजच्या रोज झाडापासूनच्या अन्नावरच जगतं. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे, परवडतं तेवढंच म्हणून.

मग त्या अन्नात काय असायला पाहिजे? माणसाच्या वजनाच्या दर किलोला दिवसाला पाऊण ते एक ग्रॅम प्रथिन लागतं. पोषणशास्त्राचा आकडा ०.८३ आहे. ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅम प्रथिन, गव्हात साधारण तेवढंच, तांदळात आठ. तूरडाळीत बावीस. शेंगदाण्यात तेवीस-चोवीस. म्हणजे चार भाकरी खाणाऱ्या बाईला भाकरीतूनच चाळीस मिळालं, वर मूठभर डाळीचं वरण घेतलं की काम झालं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात एक खोच आहे.

नुसत्या ज्वारीचं प्रथिन अंगी पूर्ण लागत नाही. त्यात लायसिन नावाचा एक घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर. डाळीत जो दुसरा घटक कमी, तो ज्वारीत असतो. दोन्ही एका जेवणात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्या आजीला हे रसायन माहीत नव्हतं, तरी तिनं भाकरीसोबत वरण, झुणका, नाही तर फुणके केले.

डाळ सुटली की काय होतं, हेही नोंदलेलं आहे. १९६० साली हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी त्या पठारावरच्या गरीब ज्वारी खाणाऱ्यांमधल्या एका रोगाबद्दल लिहिलं. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, मानेवर, हातांवर काळे चट्टे, हगवण, आणि पुढे डोक्यावर परिणाम. नाव पेलाग्रा. ज्वारीतलं ल्युसिन जास्त पडतं म्हणून तो होतो असं त्यांनी मांडलं. त्यावर शास्त्रज्ञांत पुढे वाद झाले, ते शास्त्रज्ञांवर सोडू. आपल्यापुरतं एवढं ध्यानात ठेवा, की हा रोग ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं अशा गरिबांचा होता. आजकाल शहरात ज्वारीला देवाचं अन्न केलंय. २०२३ साल भरडधान्याचं म्हणून जगभर साजरं झालं, दिल्लीत जेवणावळी उठल्या. ज्वारी चांगलीच आहे. पांढऱ्या तांदळापेक्षा तिच्यात लोह पाच-सहा पट. पण एकटी ज्वारी माणूस उभा करत नाही.

आणखी दोन गोष्टी मायबहिणींसाठी, मग पुढे जातो. भाकरीतलं, डाळीतलं, पाल्यातलं लोह अंगी लागायला आंबट लागतं. लिंबू पिळा, कच्चा कांदा-टमाटा घ्या, कडधान्याला मोड आणा. आणि जेवणावर चहा पिऊ नका. सकाळी चहात भाकर कुस्करून पोर शाळेत जातं, त्या चहानं लोह तिथंच बांधून टाकलं. दुसरं, बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व झाडात मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. जो दूधही सोडतो त्यानं गोळी घेतली पाहिजे, नाही तर हातापायाला मुंग्या येतात, नसा कमजोर होतात. हे मी त्या पोरांनाही सांगितलं. त्यांना ठाऊक होतं, ती गोळी घेत होती. आपल्या घरातल्या माळकरी म्हाताऱ्या, ज्यांच्या वाटीत आता दूधही उरलेलं नाही, त्यांना कोण सांगतं?

आता शेताकडे येतो. माझ्या लहानपणी बाबा तिफणीला सरता बांधून पेरायचे. तिफणीमागं दोघं, सरत्यामागं माय. कापसाच्या इतक्या ओळींनंतर तुरीची एक ओळ, ज्वारीत मूग नाही तर बरबटी, धुऱ्याला अंबाडी आणि तीळ, हलक्या तुकड्यात मटकी. रब्बीला ओल असली तर जवस, करडई. पोळ्याच्या आसपास मूग तोडायला यायचा, मग ज्वारी, मग कापूस, आणि संक्रांतीच्या सुमारास तूर. एक पीक बुडालं तर दुसरं हाती लागायचं. सालगड्याच्या सालात ज्वारी ठरलेली असायची. निंदणाला गेलेली बाई ओट्यात तरोटा, घोळ, माठ, चिवळ घेऊन यायची. ती भाजी कोणी पेरलेली नव्हती आणि तिचा हिशेब कोणत्याही सरकारी तक्त्यात नव्हता.

हे सगळं गेलं. का गेलं? शेतकरी मूर्ख झाला म्हणून नाही. १९६४ साली संकरित ज्वारी आली, दाणा भरपूर झाला, पण दांडा बुटका, कडबा कमी. आणि कणीस भरतं ते नेमकं परतीच्या पावसात. दाणा काळा पडला की व्यापारी तो जनावराच्या खाद्याच्या भावात मागायचा. वरून पाखरं, खालून रानडुकरं. कापणी, खुडणी, मळणी, मजूर कुठून आणायचा? तिकडे रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात माणशी महिन्याला पाच किलो धान्य, जानेवारी २०२३पासून तर तेही फुकट. ज्या बाईला धान्य फुकट मिळतं तिनं ज्वारी का विकत घ्यावी? आणि तिनं घेतली नाही तर मी का पेरावी? त्यात सोयाबीन आलं. शंभर दिवसांत तयार, मळणी यंत्रातून थेट पोत्यात, दिवाळीआधी पैसा हातात. मीही तेच पेरलं असतं. पेरलंच.

आणि यात माझाही हात आहे, तो लपवत नाही. अकोल्याहून पदवी घेतल्यावर मी सहा वर्षं एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी केली. गावोगाव मोटरसायकलवर फिरलो. “मिश्र पीक म्हणजे खिचडी, सलग लावा, फवारणी सोपी, उतारा जास्त” असं मी स्वतःच्या तोंडानं हजारो शेतकऱ्यांना सांगितलं. त्यातले काही आज इथे बसलेत. उताऱ्याबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. पण एकराचा उतारा मोजताना मी फक्त कापूस मोजत होतो. घरात गेलेली पायलीभर तूर, धुऱ्यावरची अंबाडी, बैलाच्या तोंडचा कडबा, जमिनीत पडलेला तुरीचा पाला आणि तिच्या मुळांनी धरलेला हवेतला नत्र, यातलं काहीच माझ्या वहीत नव्हतं. पुढे तणनाशक आलं. तणासोबत तरोटा, घोळ, चिवळही गेली.

रेशनच्या पिशवीत एक गोष्ट नाही हे तुमच्या ध्यानात आलं असेल. डाळ. अन्न सुरक्षेच्या त्या कायद्यात तांदूळ, गहू, भरडधान्य आहे. डाळीचा हक्क त्यात नाही. ज्वारीच्या जागी गहू आला तर प्रथिनाचं फार बिघडत नाही, मघाशीच आकडे सांगितले. खरं नुकसान झालं ते ज्वारी-कापसासोबतची डाळीची ओळ गेली त्याचं. ती ओळ परत कोणी दिली नाही.

आता पहिली गोष्ट, पाप-पुण्याची. ती मुद्दाम शेवटी ठेवली.

माझी माय माळकरी. बाबा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मटण खाणारे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाया पडायचं, पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडात द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात तीन दगड मांडून बाबा स्वतः मटण शिजवायचे. मायच्या चुलीला त्याचा हात लागायचा नाही. माय नाक मुरडायची, पण भाकरी टाकून द्यायची. चाळीस वर्षं एका घरात दोन धर्म नांदले. ना मायनं बाबांना पापी म्हटलं, ना बाबांनी तिची माळ काढायला सांगितली. पुण्याची पोरंही तसंच वागली, हे सांगायला हवं. त्यांनी दूध प्यायला नकार दिला, पण आमची म्हैस सोडून द्या असं काही म्हणाली नाहीत.

कायदा तसा वागत नाही. आपल्या राज्यात गाय कापायला बंदी १९७६च्या कायद्यानं आली. बैल त्यात नव्हता. मार्च २०१५मध्ये बैल आणि वळूही त्यात आले, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मे २०१६मध्ये उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली. बैल जगावा ही भावना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. या सभेत असा कोण आहे ज्याच्या डोळ्यांत बैल विकताना पाणी आलं नाही? बाबा बैल बाजारात द्यायचे तेव्हा दावं आणि घुंगरमाळ काढून घ्यायचे आणि मागं न पाहता निघायचे. घरी आल्यावर त्या दिवशी जेवायचे नाहीत. पण त्या विक्रीतून नव्या गोऱ्ह्याची निम्मी किंमत उभी राहायची, हेही खरं. भावना आणि हिशेब दोन्ही बाबांच्या एकट्याच्या खांद्यावर होते. कायद्यानं भावना शहराकडे दिली आणि हिशेब आपल्याकडे ठेवला.

२०१७ साली आमचा एक बैल थकला. पायानं गेला, जू घेईना. बाजारात कोणी दावणीशी उभं राहीना. ते वर्ष आठवा. बोंडअळीनं कापूस खाल्ला, आपल्या या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. घरात पैसा नाही, कुटार विकत घ्यायचं कशातून? एका रात्री माझ्या भावानं तो बैल जंगलाच्या रस्त्याला नेऊन सोडला. मला विचारून सोडला. मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो फाटकाशी येऊन उभा. मायनं दार उघडलं. ती कोणाला काही बोलली नाही, त्याच्यापुढं तिनं रात्रीचं उरलेलं वरण-भाकर कालवून ठेवलं. पुढे चौदा महिने तो जगला. त्या चौदा महिन्यांचा खर्च गाय-बैलाच्या नावानं गळा काढणाऱ्या एकानंही दिला नाही, आणि ज्याला बैलाचं काहीच सोयरसुतक नाही त्यानंही दिला नाही. दर वेळी कुटाराचं गाठोडं सोडताना मला ती रात्र आठवायची.

देशभरात काय झालं पाहा. २०१२च्या पशुगणनेत बैल, गोऱ्हे, वळू मिळून पावणेसात कोटींच्या वर होते. २०१९मध्ये पावणेपाच कोटींच्या आत आले. त्याच काळात गाई मात्र वाढल्या. ट्रॅक्टर आला हे त्याचं मोठं कारण आहेच. पण गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि दोन वितांत एक गोऱ्हा होणारच. तो गोऱ्हा कुठे जातो? शहरात जो माणूस मटण खात नाही म्हणून स्वतःला अहिंसक म्हणवतो आणि रोज अर्धा लिटर दूध पितो, त्यानं हा प्रश्न एकदा तरी विचारावा. त्या पुण्याच्या पोरांनी हिशेब शेवटपर्यंत नेला, दूधही सोडलं. त्यांचा मला याबाबतीत आदर वाटतो. सगळ्यांनी तसं करावं असं मी म्हणत नाही. आपल्या मायला ताक सोडा म्हणून मी तरी सांगणार नाही.

आणि झाडाचं अन्न म्हणजे कोणाला मारलं नाही, असंही समजू नका. क्विंटलभर कापसात रुई पस्तीस किलोच्या आसपास, बाकी सगळी सरकी. त्या सरकीचं तेल निघतं, त्यात शहरातलं फरसाण तळलं जातं. ढेप दुभत्या जनावराला. म्हणजे शेव खाणारा आपला कापूस खातो. त्या कापसावर फवारताना गेलेली माणसं कोणाच्या पापाच्या खात्यात घालायची?

शाळेतल्या अंड्याचंही बोलून टाकतो. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या खिचडीसोबत आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. जो खात नाही त्याला केळं. जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी बंद केला, हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम चांगलं प्रथिन असतं, बी-बाराही असतं. खाणाऱ्याला अंडं, न खाणाऱ्याला केळं, ही आमच्या अंगणातल्या दोन चुलींसारखीच व्यवस्था होती. ती मोडली. त्याऐवजी मुलांना वाटीभर घट्ट डाळ दिली असती तर मी एक शब्द बोललो नसतो.

डाळीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. या देशाला झाडापासूनचं अन्न खाऊन जगायचं असेल तर डाळ लागेल. डाळ पिकवणारा कोण? कोरडवाहूचा माणूस. त्याच्याशी व्यवहार कसा झाला? २००६ साली डाळींच्या निर्यातीवर बंदी घातली, ती तुरीवरून उठली सप्टेंबर २०१७मध्ये. अकरा वर्षं बाहेरचं दार बंद. २०१५च्या दिवाळीला शहरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा केवढा ओरडा झाला. साठ्यावर मर्यादा आल्या, छापे पडले, जुलै २०१६मध्ये मोझांबिकशी डाळ आणण्याचा करार झाला. आपण भाव पाहून तूर पेरली, पाऊसही बरा झाला. २०१६-१७चा हमीभाव बोनस धरून ५,०५०. बाजारात चार हजाराच्या खाली बोली लागली. खरेदी केंद्रावर बारदाना नाही, आठ-आठ दिवस रांगेत गाड्या. तुमच्यातल्या अर्ध्यांनी त्या गाडीखाली झोप काढली आहे. पुढे २०२१पासून तुरीची आयात मोकळी केली, डिसेंबर २०२३मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचं शुल्क काढलं. २०२५-२६साठी तुरीचा हमीभाव ८,००० जाहीर झाला. जाहीर होणं आणि पदरात पडणं यातलं अंतर तुम्हाला मी सांगायला नको.

शाकाहाराची थोरवी सांगणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. डाळ महाग झाली म्हणून रस्त्यावर येऊ नका, आणि आलात तर तूर पडते तेव्हाही या.

त्यांनी यायचं तेव्हा येतील. आपल्या हातात काय आहे ते बोलून थांबतो. हिशेब मांडा. घरात पाच माणसं, माणशी रोज साठ ग्रॅम डाळ, वर्षाला एकशे दहा किलो. घरी भरडून क्विंटलमागं सत्तर-बहात्तर किलो डाळ हाती येते. म्हणजे दीड क्विंटल तूर झाली. तेवढी तूर एकरभर कापसातल्या ओळींतून बऱ्या सालात निघते. ती विकायची नाही. जानेवारीत व्यापाऱ्याला देऊन जुलैत पाकीट आणायचं, हा धंदा माझ्या घरातही चालू होता, आता बंद केलाय. ज्वारीचं मी आग्रहानं सांगत नाही. रानडुकरांचा बंदोबस्त होत नाही तोवर एकट्यानं खरीप ज्वारी लावणं म्हणजे कळपाला जेवायला बोलावणं. पाच-सात जणांनी लागून लावली तर राखण वाटून घेता येते. आमच्या गावात चौघं तयार आहेत, पाचवा शोधतोय. पण तुरीची ओळ, धुऱ्यावरची अंबाडी, चार तासं मूग आणि बरबटी, याला कोणाची परवानगी लागत नाही. निदान घरामागच्या तुकड्यात तणनाशक मारू नका, तिथली चिवळ-घोळ राहू द्या.

एक विनंती मायबहिणींना नव्हे, त्यांच्या घरधन्यांना. डाळ घरात आली तरी शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत वरचं पाणीच उरतं. महिनाभर एकदा बायांना आधी वाढून पाहा, आणि पातेल्याच्या तळाशी काय उरतं ते स्वतः जेवून पाहा.

अंबाडीचं बी मी पिशवीत आणलंय, शेजाऱ्याकडूनच मागून घेतलं. जेवणं झाल्यावर मूठ-मूठ घेऊन जा. आज जेवणाला भाकर आणि वरण आहे, ज्वारी अजून विकतचीच आहे. कापसाचं सत्र अडीच वाजता.